१९९६ ची चेतक घाटात बंद पडते : कॉक, पाइप, कार्बोरेटर घरी बदलण्याबद्दल

चौथागिअर | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बाबांनी १९९६ साली घेतलेली बजाज चेतक (टू स्ट्रोक) अजून आमच्याकडे आहे. मधली सहा वर्षं ती हडपसरच्या सोसायटीत कव्हरखाली उभी होती. दिवाळीत बाबांनीच विषय काढला, एकदा हिच्यावरून सासवडला जाऊन येऊ म्हणाले. तेव्हापासून मी दर रविवारी तिच्या मागे आहे. टायर-ट्यूब, प्लग, क्लच आणि ब्रेकच्या केबली नव्या घातल्या. आता तिसऱ्या किकला सुरू होते, आवाजही सुरेख आहे.

दोन गोष्टी मात्र सुटत नाहीत. एक म्हणजे, रात्री उभी केली की सकाळी फरशीवर वाटीएवढा डाग आणि पेट्रोलचा वास. दुसरी, चार-पाच किलोमीटर झकास पळते, मग ओढ कमी होते, घुसमटल्यासारखी करते आणि बंद. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. गेल्या रविवारी दिवे घाट निम्मा चढलो आणि ढकलत खाली आणली.

कार्बोरेटर काढून साफ केला, फ्लोटच्या (वाटीतली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) पिनसकट सगळं किट टाकलं. काडीचा फरक नाही. स्पेअरच्या दुकानात म्हणतात, नवा कार्बोरेटरच घ्या. घ्यावा का?

घाटमाथा | शनिवार, रात्री १०.१५

गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर सुरू, म्हणजे पेट्रोलचा संबंध नाही. सीडीआय किंवा कॉइल (प्लगला ठिणगी देणारे भाग) बघा. माझ्या स्कूटरला हेच झालं होतं. आणि राग मानू नका, पण पेट्रोलची कामं घरी करू नयेत या मताचा मी आहे. जुना, जाणता मेकॅनिक शोधा.

गॅरेजकन्या | शनिवार, रात्री ११.०५

माझ्या वडिलांचं साताऱ्यात तीस वर्षं गॅरेज होतं. शाळेतून आल्यावर जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोलच्या बारीक भोकाचे तुकडे) धुणं हे माझं काम असायचं, म्हणून लिहिते.

घाटमाथा म्हणतात ती शक्यता आहेच. पण सीडीआय असो की कार्बोरेटर, अंदाजावर पैसे घालू नका. गाडी स्वतः सांगते, फक्त विचारायची वेळ गाठावी लागते. बंद पडली की त्याच क्षणी, पुन्हा किक न मारता, बाजूला घ्या आणि प्लग काढा. टोक कोरडं असेल तर सिलिंडरपर्यंत पेट्रोल पोचत नाहीये. ओलं असेल तर पेट्रोल येतंय आणि ठिणगी नाही, किंवा पेट्रोल जास्तच येतंय. थांबून, गार करून, चार किका मारून मग प्लग बघितला तर काही कळत नाही. त्यामुळे प्लगपाना खिशात ठेवूनच निघा. (इंजिन गरम असतं, हातमोजा घाला.)

तोपर्यंत नवा कार्बोरेटर अजिबात घेऊ नका. या कार्बोरेटरचा मूळ सांगाडा सहसा खराब होत नाही. झिजतात ते फ्लोटची पिन, चोकचं रबर आणि पॅकिंगं, आणि ती तुम्ही बदललीच आहेत.

चौथागिअर | रविवार, सकाळी ११.२०

ताई, आत्ताच जाऊन आलो. साडेचार किलोमीटरवर बंद पडली. प्लग खडखडीत कोरडा.

गॅरेजकन्या | रविवार, दुपारी १२.१०

मग ठिणगीचा विषय मिटला. आता टाकीपासून खाली यायचं. झाकण, टाकी, कॉक (पेट्रोल चालू-बंद करायची तोटी), पाइप, कार्बोरेटरच्या तोंडाची जाळी, मग फ्लोट. तुम्ही शेवटच्या टोकापासून सुरुवात केलीत, बहुतेक जण तसंच करतात, कारण कार्बोरेटर हाताशी असतो आणि टाकी काढायचा कंटाळा येतो.

चेतकला पंप नाही. टाकी वर आणि कार्बोरेटर खाली, पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. त्यामुळे तपासणी सोपी आहे. उजव्या बाजूचं डिकीचं झाकण काढा, कार्बोरेटरच्या पेटीवरचं झाकण आणि एअर फिल्टर काढा, कार्बोरेटरच्या टोकाचा पाइप सोडवून त्याचं तोंड मापाच्या बाटलीत धरा. कॉक मेनवर. टाकीचं झाकण नेहमीसारखं घट्ट बंद. तीन मिनिटं घड्याळ लावा आणि प्रत्येक मिनिटाला किती पेट्रोल आलं ते वेगवेगळं लिहून ठेवा.

किती यायला हवं? ताशी ५० चा वेग आणि लिटरला ४० चं ॲव्हरेज धरलं तर तासाला सव्वा लिटर लागतं, म्हणजे मिनिटाला जेमतेम २१ मिली. घाटात याच्या दुप्पट धरा. मिनिटाला शंभर मिली आलं तरी पुष्कळ आहे. आकड्यापेक्षा धार शेवटपर्यंत टिकते की बारीक होत जाते, ते बघा.

पंचगंगा | रविवार, दुपारी १२.३०

थांबा. बाटलीत पेट्रोल काढण्याआधी हे वाचा.

आमच्या गावच्या घरी, कोल्हापूरजवळ, मागच्या अंगणात माझा आतेभाऊ मोटरसायकलचा कार्बोरेटर पेट्रोलने धूत बसला होता. उघडं अंगण, वारा नाही, सकाळची वेळ. पंधरा-वीस फुटांवर आत्याने आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवलेला. कुणाच्या डोक्यातही आलं नाही की इतक्या लांबून काही होईल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पाण्यासारखी पसरते. बंबापाशी पोचली आणि आग तिथून उलट धावत भावाच्या ताटलीपर्यंत आली. दोन्ही हात भाजले. आज तो व्यवस्थित आहे, पण सहा महिने त्याला स्वतःच्या हाताने जेवता आलं नाही.

पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांनासुद्धा पेटण्याइतकी वाफ सोडतं. आपल्याकडच्या उन्हाळ्याचं तर बोलायलाच नको. म्हणून बेसमेंट पार्किंगमध्ये हे काम करू नका, तिथे वाफ खाली साचते. गॅस गीझर, बंब, देवघरातला दिवा, उदबत्ती, पाण्याच्या मोटरचं बटण, यातलं काहीही जवळ नको. प्लास्टिकच्या बादलीत पेट्रोल ओतू नका, स्थिर विजेची ठिणगी पडू शकते, पत्र्याचं भांडं घ्या. शेजारी कोरड्या वाळूची बादली आणि पावडरचं अग्निशामक असू द्या. पाणी मारायचं नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. तोंडाने पाइप ओढून पेट्रोल काढायची सवय असेल तर ती आजच सोडा, फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

चौथागिअर | रविवार, दुपारी १.००

पंचगंगा, मनापासून आभार. मी खरंच बेसमेंटमध्येच करणार होतो. गाडी मागच्या मोकळ्या जागेत नेतो. अग्निशामक सोसायटीच्या कमिटीकडून मागून घेतो.

गॅरेजकन्या | रविवार, दुपारी १.०५

हे मी आधी लिहायला हवं होतं. बाटलीऐवजी पत्र्याचा डबा घ्या आणि नंतर मापून बघा. प्लग जोडलेला असू द्या आणि किक मारू नका.

चौथागिअर | रविवार, संध्याकाळी ५.४५

झालं. पहिल्या मिनिटाला १३० मिली. दुसऱ्याला ५५. तिसऱ्याला धार तुटून थेंब पडायला लागले, १० मिलीसुद्धा नसेल. टाकीत तीन लिटर तरी पेट्रोल आहे.

गॅरेजकन्या | रविवार, संध्याकाळी ५.५५

आता काहीही न हलवता टाकीचं झाकण उघडा आणि धार बघा.

चौथागिअर | रविवार, संध्याकाळी ६.१०

झाकण सैल केलं तसा फुस्स आवाज आला आणि धार पहिल्यासारखी सुरू!! बाबा टॉर्च धरून उभे होते, त्यांनाही ऐकू आला.

झाकण नीट बघितलं. त्याच्या मधलं हवेचं बारीक भोक आतून झाकलं गेलंय. झाकणाचं मूळ रबर चिरलं होतं आणि वास येत होता म्हणून मी दिवाळीत सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून बसवला होता. अखंड गोल, मध्ये भोक नाही. आणि तो पेट्रोलने फुगून पापडासारखा झालाय.

गॅरेजकन्या | रविवार, संध्याकाळी ६.३०

मिळालं कारण. टाकीतलं पेट्रोल कमी होतं तेवढी हवा आत यावी लागते. हवा येत नाही म्हणून आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल अडकतं. दहा मिनिटं थांबल्यावर फटीतून थोडी हवा शिरते आणि गाडी पुन्हा चार-पाच किलोमीटर चालते. गरम-गार होण्याशी याचा संबंध नव्हता, फक्त वेळ तेवढाच लागतो म्हणून तसं वाटतं. झाकणाचं मूळ मापाचं रबर किंवा सरळ नवं झाकण घ्या, आणि भोकातून बारीक तार घालून ते मोकळं आहे ना ते बघा.

घाटमाथा | रविवार, संध्याकाळी ७.००

मान्य. मी थेट सीडीआय सांगितला होता. कोरड्या प्लगची गोष्ट मी लक्षात ठेवीन.

प्रयोगशाळा | रविवार, रात्री ८.२०

ट्यूबचा तुकडा फुगला त्याबद्दल थोडं. सायकल ट्यूबचं रबर पेट्रोलसाठी नसतंच, ते साध्या पेट्रोलनेही फुगलं असतं. पण आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. देशात सरासरी दहा टक्के मिश्रण २०२२ मध्ये गाठलं गेलं आणि २०२५ मध्ये वीस टक्के. १९९६ च्या गाडीतलं रबर, कॉर्क, फायबर आणि काही प्लास्टिक हे इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं नव्हतं. काही रबरं फुगतात, काही कडक होऊन तडकतात.

दुसरं म्हणजे पाणी. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. प्रमाणाबाहेर पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होतो आणि टाकीच्या तळाशी बसतो. रिझर्व्हची नळी तळाजवळूनच ओढते. गाडी मेनवर चालते आणि रिझर्व्हवर अडखळते, असं झालं तर आधी हा थर तपासा.

तिसरं, पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला साधारण ९. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जेट तेच ठेवलं तर मिश्रणात पेट्रोल थोडं कमी पडतं. टू स्ट्रोक इंजिन त्याने जास्त तापतं. प्लगचा रंग बिस्किटासारखा असेल तर ठीक, पांढराफटक दिसला तर मेन जेट एक-दोन पायऱ्या मोठं घ्यायचा विचार करा.

मीठगर | रविवार, रात्री ९.००

मी मालवणचा. आमच्याकडे खारा वारा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे टाक्या आतून गंजतात. चौथागिअर, डाग पडतो तो कॉकमधूनच असणार. टाकी काढणारच असाल तर आत टॉर्चने नाही, काढून उन्हात धरून बघा. (पेट्रोलच्या टाकीत साधा टॉर्च किंवा मोबाइल घालू नका.)

तांबडी पूड दिसली तर मी काय करतो ते सांगतो. कॉक काढून भोक बुचाने बंद करायचं, टाकी साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन पेट्रोलचा वास घालवायचा, मग किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर भरून दिवसभर ठेवायचं. सोबत मूठभर छोटे नट टाकून मधूनमधून हलवायची. नट मोजून टाका आणि मोजून काढा. नंतर खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, मग कडक उन्हात वाळवण. वाळली की लगेच थोडं टू-टी (टू स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये घालतात ते) ऑइल आत फिरवायचं, नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस होते.

आठशेवाला | रविवार, रात्री ९.३०

धाग्यात घुसतोय, माफ करा. १९९७ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर गेलंय आणि ऑइलला पेट्रोलचा वास येतो. मी तर ऑइल टाकलेलं नाही.

गॅरेजकन्या | रविवार, रात्री ९.५०

गाडी सुरू करू नका. तुमच्या गाडीला कॅमवर चालणारा पंप आहे. त्याच्या आतला पडदा फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवलं तर बेअरिंग जातात. पंप दोन नटांवर बसतो. काढण्याआधी पाइपांचे फोटो घ्या आणि चिकटपट्टीवर नावं लिहून लावा. पंपामागचं जाड इन्सुलेटर आणि पॅकिंगं नवी घाला. बसवताना पंप जोर लावून दाबावा लागत असेल तर इंजिन हाताने थोडं फिरवा, कॅमचा उंचवटा बाजूला जातो. आणि ऑइल, ऑइल फिल्टर दोन्ही बदलल्याशिवाय चावी फिरवू नका. फ्लोट अडकूनही असं होऊ शकतं, ते बघा, पण सुरुवात पंपापासून करा.

अजून कुणी वाचत असेल तर : हे सगळं कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी आहे. इंजेक्शनच्या गाडीच्या पाइपात अडीच-तीन बारचा दाब असतो, तो पाइप असा उपटायचा नाही.

आठशेवाला | रविवार, रात्री १०.००

आभारी आहे ताई. ऑइलसाठी वेगळा धागा काढतो.

गॅरेजकन्या | सोमवार, रात्री १०.१५

चौथागिअर, आता तुमचा कॉक.

आधी कॉक बंद करा. सीट काढा. सीटखाली कॉकची लांब दांडी असते, तिची पिन सोडवून दांडी मोकळी करा, नाहीतर टाकी उचलताना ती अडते आणि वाकते. टाकीच्या कडेचे बोल्ट काढा. पाइप कार्बोरेटरच्या टोकाला सोडवा आणि टाकीसोबतच वर ओढून घ्या. टाकी रिकामी करूनच उचला.

कॉकचा नट टाकीच्या आतून आहे, म्हणजे पेट्रोल भरायच्या तोंडातून लांब टी पाना घालून तो सोडवायचा. इथे लोक चुकतात. खालून पक्कडीने कॉकच फिरवतात, तो तुटतो किंवा टाकीचा पत्रा पिळतो. टी पाना जुन्या स्कूटर गॅरेजमध्ये मिळेल. नाही मिळाला तर नवा कॉक घेऊन जा, त्याच्या नटाला बसणारा सॉकेट पाना निवडा आणि फॅब्रिकेशनवाल्याकडून त्यावर सळई वेल्ड करून घ्या.

दुरुस्त करायचा असेल तर कॉकच्या आत चार भोकांचं गोल रबर असतं, तेच फुगतं किंवा कडक होतं आणि बंद स्थितीतही पेट्रोल झिरपतं. फक्त ते रबर बदललं तरी चालतं, पण पितळी भाग घासला गेला असेल तर नवा कॉक घ्या. टाकी आणि कॉक यांच्यामधलं वॉशर नवंच. टेफ्लॉन टेप लावू नका, तिचे धागे सुटून जेटमध्ये अडकतात. एम-सीलही नको.

पाइपाबद्दल हट्टाने सांगते. पारदर्शक प्लास्टिकचा स्वस्त पाइप घेऊ नका. वर्षभरात तो काचेसारखा कडक होतो आणि टोकाला चिरतो. इथेनॉल चालणारा रबरी फ्युएल होज मागा, त्यावर तसं छापलेलं असतं. तार पिळून बांधू नका, ती पाइप कापते. छोट्या क्लिपा लावा. लांबी जुन्या पाइपाएवढीच. लांब ठेवला तर टाकी खाली बसवताना त्याचा फुगा होतो, दुमडतो, आणि त्यात हवा अडकते. मध्ये मोठा कागदी फिल्टर घालू नका, तो पंपाच्या गाड्यांसाठी असतो. कार्बोरेटरच्या तोंडाला जाळी आहे, ती साफ केली की झालं.

प्रवासात टाकीला बारीक भोक पडलं तर कपड्याचा साबण घासून बसवायचा. पेट्रोल साबणाला विरघळवत नाही. वडील असं करून गिऱ्हाइकाला घरी पाठवायचे आणि दुसऱ्या दिवशी टाकी घेऊन बोलवायचे.

चौथागिअर | पुढचा रविवार, रात्री ८.३०

सविस्तर लिहितो, कुणाला उपयोग होईल.

टी पाना गाडीतळावरच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककाकांकडे बघितला, ते विकायला तयार नव्हते, पण माप घेऊ दिलं. तसा बनवून घेतला. शनिवारी सकाळी टाकी उतरवली. दांडीची पिन गंजून एकजीव झाली होती, तिच्यावर अर्धा तास गेला. नट मात्र पाव फेऱ्यात सुटला. कॉक उघडला तर चार भोकांचं रबर इतकं फुगलेलं की भोकं जेमतेम काडीएवढी उरली होती आणि एका बाजूला चीर. म्हणजे तोच कॉक एकीकडे गळत होता आणि दुसरीकडे पेट्रोलही अडवत होता. पितळेवर चरे होते म्हणून नवा कॉक घातला.

टाकीत गंज थोडाच होता, मीठगरच्या पद्धतीने काढला. बारा नट टाकले, बारा काढले. बाराव्याने फार वेळ घेतला.

पाइपाला दोनदा काम करावं लागलं. पहिल्यांदा दोन बोटं लांब ठेवला, टाकी बसवल्यावर धार मिनिटाला ६० मिलीवर आली. पुन्हा टाकी उचलली, पाइप कापला, बाबांनी खालून पेटीतून पाइप ओढत ठेवला आणि मी वरून टाकी हळूहळू सोडली. हे एकट्याचं काम नाही. आता झाकण बंद ठेवून तिन्ही मिनिटं १४० च्या आसपास.

रात्रभर खाली पांढरा पुठ्ठा ठेवला होता. सकाळी कोरडा.

आज लिटरला २० मिली टू-टी घालून हडपसर ते सासवड जाऊन-येऊन केलं. घाट एका दमात चढली. जाताना बाबा मागे बसले होते, येताना त्यांनी चालवली. प्लगचा रंग बिस्किटाचा आहे, जेट बदलत नाही.

प्रयोगशाळा | पुढचा रविवार, रात्री ८.५०

वा! महिनाभर लावून ठेवायची असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. कार्बोरेटरची वाटी रिकामी राहते.

घाटमाथा | पुढचा रविवार, रात्री ९.१०

माझ्याही चेतकचा कॉक झिरपतो. तो टी पाना चार दिवसांसाठी मिळेल का? मी लोणी काळभोरला असतो.

चौथागिअर | पुढचा रविवार, रात्री ९.१५

नक्की. शनिवारी सकाळी या, टाकी काढायला मीही येतो. पाइप आधी विकत घेऊन ठेवा, आणि अग्निशामक आहे का ते कळवा, नसेल तर आमचा आणतो.